वरची आठ

९ जानेवारी

अहो आई,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी आपण दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत बसलो आणि बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून तुमचंच ऐकते: कामाचं असेल ते लिहून कळवायचं.

लॅपटॉप त्रास देतोय. शाळेच्या पुस्तकांचे धडे मी त्यावरच रेकॉर्ड करते, त्यावरच कापते-जोडते आणि पाठवते. एखाददुसरा धडा उघडा असला तर काही होत नाही. सगळं पुस्तक एकदम उघडलं की मात्र थोड्या वेळाने आवाज अडखळतो, एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि मग पडदा गोठतो. बंद करून सुरू केला की परत शहाण्यासारखा वागतो.

दुकानात दाखवला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, यात आठ आणि सोळा अशी विजोड रॅम आहे. विजोड जमत नाही. नवा लॅपटॉप घ्या." सोळाची पट्टी तुमच्या मुलाने घातली होती, ज्या दौऱ्यावरून तो परत आला नाही त्याच्या आदल्या रविवारी. जमिनीवर मांडी घालून बसला होता, स्क्रू माझ्या तळहातावर ठेवत होता आणि "हात हलवू नकोस" एवढंच बोलला होता.

विजोड असली की खरंच जमत नाही का? जन्मभर तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम केलंत, म्हणून तुम्हाला विचारते.

तुमची,
सून

१६ जानेवारी

पोरी,

विजोड जमत नसतं तर माझा आणि तुझ्या सासऱ्यांचा संसार पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता. त्या दुकानदाराला लॅपटॉप विकायचाय, दुसरं काही नाही.

नीट समजून घे. तुझ्या मशीनमध्ये आठ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, ती निघत नाही. शेजारी एक स्लॉट आहे, त्यात मोन्याने सोळाची पट्टी घातली. मेमरीपर्यंत जायला वाटा दोन, त्यांना चॅनल म्हणतात. आता अशी कल्पना कर की दोन बायका मांडणीवर बशा लावतायत. एक बशी हिने लावायची, पुढची तिने. दोघींचे हात एकदम चालतात, म्हणून काम झपाझप होतं. पण हिच्याकडे फळ्या आठ आणि तिच्याकडे सोळा. दोघींच्या आठ-आठ फळ्या भरेपर्यंत जोडीने काम चालतं. मग हिच्या फळ्या संपतात आणि वरच्या आठ फळ्या दुसरी एकटीच भरते. म्हणजे तुझ्या चोवीसपैकी सोळा जीबी दोन्ही वाटांनी चालते आणि उरलेली आठ एकाच वाटेने. याला फ्लेक्स मोड म्हणतात. एकीची चाल सावकाश असेल तर दुसरीही तिच्याच चालीने चालते, एवढंच.

पण लक्षात ठेव, एकटी लावते म्हणून बशी फुटत नाही. वरच्या जागेत काम हळू होईल, चुकीचं होणार नाही. तुझं मशीन अडखळतंय, गोठतंय, म्हणजे कुठेतरी बशा फुटतायत. पट्टीत दोष असणार.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवते. तो लावून मशीन सुरू कर, मेमरीची तपासणी आपोआप चालू होईल. बराच वेळ लागतो, तोवर हात लावू नकोस. लाल ओळी, म्हणजे चुका, आल्या तर मेमरीत कितव्या जागी, कोणत्या पत्त्यांवर आल्या ते लिहून पाठव. कामाची फारच घाई असेल तर सोळाची पट्टी काढून ठेव. स्लॉट रिकामा असला तरी बोर्डावरच्या आठवर मशीन चालतं. एकाच चॅनलवर रडतखडत चालेल, पण चालेल.

जेवतेस ना वेळेवर?

आई

३० जानेवारी

अहो आई,

तपासणी केली. लाल ओळी आल्या. सगळे पत्ते लिहून घेतले नाहीत, पण ज्या आल्या त्या सगळ्या सोळा जीबीच्या वरच्या होत्या. खाली एकही नाही.

मध्ये उशीर झाला, कारण पेन ड्राइव्ह येऊन पडला होता आणि मी तो लावलाच नव्हता. काम होतं असं नाही. उलट काम अडलंय. संपादक बाईंचे दोन निरोप येऊन गेले.

एक विचारायचं होतं. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, तर त्या पट्टीत आधीचं काही राहतं का? थोडंसंही? म्हणजे कुणी ती घातली, तेव्हा मशीनवर काय चालू होतं, त्या वेळी खोलीत कोण काय बोललं, असं काही?

प्रश्न वेडगळ आहे हे मला कळतंय. तरी उत्तर द्या.

जेवते.

सून

६ फेब्रुवारी

पोरी,

काही राहत नाही. रॅम म्हणजे पाटी. वीज गेली की पुसली. कोण काय बोललं हे तर तिला वीज असतानाही कळत नाही. त्यासाठी माइक लागतो आणि मुद्दाम रेकॉर्ड केलेलं लागतं. हे तुला मी सांगायचं म्हणजे कठीणच आहे. माइकसमोर तू बसतेस.

तुझ्या लाल ओळींनी काम सोपं केलं. खालच्या सोळात चूक असती तर बशी हिची फुटली की तिची, हे शोधत बसावं लागलं असतं, कारण तिथे दोघींचे हात. वरच्या आठात बोर्डाचा हातच नाही. तेव्हा दोष मोन्याने घातलेल्या पट्टीत आहे, तिच्या वरच्या अर्ध्या भागात. थोडे धडे उघडतेस तेव्हा तिथवर जायची वेळ फारशी येत नाही. मशीन काही खालून वर शिस्तीत भरत नाही, पण सगळं पुस्तक उघडलंस की वरच्या फळ्यांनाही हात लागणारच.

कुरिअरने आठची नवी पट्टी पाठवतेय. आठ आणि आठ, जोडी जमेल, सगळं काम दोन्ही वाटांनी होईल. सोळा तुला पुष्कळ झाली. झालेले धडे मिटत जा, सगळं पुस्तक पसरून बसायची गरज काय? मागचे स्क्रू काढ, जुनी पट्टी दोन्ही बाजूंच्या कड्या सरकवल्या की आपोआप वर उचलली जाते, नवी तिरकी घालून खाली दाब. तुझ्या हाताला जमेल.

त्याची वस्तू काढायची म्हणून जिवावर येत असेल तर समजू शकते. पण पट्टी म्हणजे तो नव्हे.

आई

३ मार्च

अहो आई,

पार्सल मिळून बरेच दिवस झाले. फोडलं नाही. तुम्ही दोनदा फोन केलात तेव्हा मी घरातच होते. रागावू नका. आता सगळं लिहिते.

मी रेकॉर्डिंग ज्या अडगळीच्या खोलीत करते ती तुम्ही पाहिली आहे. भिंतींना गोधड्या, दाराला जाड पडदा. तो कामावरून आला की दार वाजवायचा नाही, कारण टकटक माइकमध्ये येते. दाराशी उभा राहून अगदी हळू विचारायचा, "आहेस का?" मी थांबले असले तर "आहे" म्हणायचे आणि मग तो पडदा सारून आत यायचा. दिवसभरात त्याचं सगळ्यात मोठं वाक्य तेच.

लॅपटॉप अडखळतो तेव्हा जो तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, तो हा आहे. "आहेस का, आहेस का, आहेस का." आवाज जाडसर, दबलेला, पडद्यामागून आल्यासारखा. मग गोठतं.

पहिल्यांदा आलं तेव्हा मी पुढच्या धड्याचा माइक चालू ठेवून मागचं वाजवून बघत होते आणि "आहे, ये ना" म्हणाले. तो धडा तसाच गेला. संपादक बाईंनी विचारलं, "नदीच्या उगमाच्या धड्यात हे कोण कुणाला बोलावतंय?" मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर मी सगळं पुस्तक मुद्दाम उघडून ठेवायला लागले. रेकॉर्डिंग करायचं नाही, नुसतं वाजवायचं आणि दाराकडे तोंड करून बसायचं. मोबाइलवर पकडून बघितलं, तर त्यात नुसती करकर येते. म्हणून तुम्हाला पाठवता आलं नाही. खरं सांगायचं तर पाठवावंसं वाटलंही नाही. तेवढं एक माझं असू दे, असं वाटलं.

पण परवा मी बाजारातून परत आले आणि कुलूप काढायच्या आधी दाराबाहेरून म्हणाले, "आहेस का?" आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. शेजारच्या काकू जिन्यात होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. तेव्हा मला माझीच भीती वाटली.

संपादक बाई पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी देणार आहेत. घरभाडं त्याच कामावर आहे. या रविवारी पट्टी बदलते. तुम्हाला आधी सांगावं, म्हणून लिहिलं.

सून

६ मार्च

पोरी,

पत्र मिळताक्षणी लिहितेय. पट्टी काढू नकोस.

मी आधी लिहिलं त्यात चूक झाली. बोर्डाला आता आठ-सोळाची सवय लागली आहे. सोळा काढलीस तर बोर्डावरची एकटी आठ मशीन सुरूच करणार नाही आणि नवी आठ ओळखली जाणार नाही. सगळंच बसेल. स्क्रूला हात लावू नकोस. आहे तसं असू दे. भाड्याचं काय ते मी बघते.

आई

११ मार्च

अहो आई,

तुमचं जानेवारीतलं पत्र समोर ठेवलंय. "स्लॉट रिकामा असला तरी बोर्डावरच्या आठवर मशीन चालतं." तुमचं अक्षर आहे, खाली रेघही तुम्हीच मारली आहे.

माणसांबद्दल तुम्ही चुकता. मला बघायला आला होतात तेव्हा मला स्वयंपाक येतो असं वाटलं होतं तुम्हाला. मशीनबद्दल मात्र तुमची चूक झालेली मी पाहिली नाही. म्हणजे तुम्ही मुद्दाम खोटं लिहिलंत.

आधी राग आला. मग आठवलं, घरातले सगळे व्हिडिओ त्यानेच काढलेले. सगळ्यांत आपण सगळे बोलतो आणि तो नाही. त्याचा फोन गाडीबरोबर गेला. तुमच्याजवळ त्याचा एक शब्द नाही. आणि मी दोन महिने तो एकटीने ऐकत बसले होते.

पट्टी काढलेली नाही. तुम्ही या. आधी ऐका, मग तुमच्या हाताने काढा. मला रविवारपर्यंतच धीर होता, तो कसाबसा ताणून धरलाय.

गाडी कोणती ते कळवा, घ्यायला येते.

सून

१० एप्रिल

अहो आई,

तुम्ही नीट पोहोचलात हे काकूंकडून कळलं. मी लिहायला उशीर केला, कारण लिहायचं की नाही हेच ठरत नव्हतं.

लॅपटॉप छान चालतोय. पुस्तक पूर्ण झालं. बाईंनी पुढचंही दिलं.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं. तुम्ही स्टुलावर बसलात, पदर कानामागे घेतलात. मी एकेक करत सगळे धडे उघडले. पहिल्यांदा काहीच झालं नाही आणि तुम्ही म्हणालात, "लाजत असेल." मग ते आलं. तीन-चारदा. तुमचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही पडद्याकडे बघितलंत, मग स्टँडवर लावलेल्या कागदाकडे, मग माझ्याकडे.

"तोच आहे ना?" मी विचारलं.

"तोच आहे," तुम्ही म्हणालात. "अगदी तोच." आणि पाणी मागितलंत.

मी पाणी आणेपर्यंत तुम्ही लॅपटॉप बंद करून पालथा घातला होता. स्क्रू एका बशीत काढून ठेवलेत, जुनी पट्टी पदराने पुसलीत, नवी बसवलीत. मी रडले, तुम्ही नाही. "आता जेवायला वाढ," म्हणालात.

गेल्या आठवड्यात बाईंनी एक धडा परत पाठवला, शेवटी थोडी खरखर आहे म्हणून. लहान मुलांची कविता आहे. मी ती वाजवली. न अडखळता, स्वच्छ, माझाच आवाज: "डोंगरावरून वारा वाहे सकाळी." मी मागे नेऊन पुन्हा वाजवली. मग मधला तुकडा तेवढाच कापला आणि वाजवला. "आहे सका. आहे सका."

दर वेळी तो याच कवितेत यायचा. हे मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. माझ्याही कधी ध्यानात आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही. स्टँडवर त्या दिवशी तोच कागद होता.

तुम्हाला कळलं होतं ना? आई, खोटं नका सांगू. या वेळी माझ्याजवळ ताडून बघायला तुमचं जुनं पत्र नाही.

मी ठीक आहे. खरंच ठीक आहे. फक्त काम संपलं की खोलीत फार शांत वाटतं.

सून

१९ एप्रिल

पोरी,

हो, कळलं होतं.

आवाज आला तेव्हाच कळलं. मी त्याची आई आहे. तो बोलायच्या आधी घसा साफ करायचा, ते त्यात नव्हतं. मग कागद वाचला आणि कुठून येतंय तेही कळलं. पण तू माझ्या तोंडाकडे अशी बघत होतीस की मला दुसरं उत्तर देता आलं नाही. पहिलं खोटं, पट्टी काढू नकोस म्हणून लिहिलं ते, मी माझ्यासाठी बोलले होते. मला वाटलं होतं, एवढा लांबचा प्रवास करून जातेय तर पोरगा भेटेल. गाडीत दोन्ही बाजूंच्या माणसांना सांगत होते, मुलाकडे चाललेय. दुसरं खोटं तुझ्यासाठी. तो आला होता आणि आईच्या हातून निरोप घेऊन गेला, असं तुला वाटलं तर तू त्या खोलीतून बाहेर येशील, असा हिशेब होता. तू आलीस बाहेर, पण स्वतःच्या पायांनी आलीस. ते जास्त चांगलं झालं.

आता तिसरी गोष्ट, आणि ती खरी आहे. आवडली नाही तरी वाचून घे.

जुनी पट्टी मी इकडे आणली. दोष नेमका कुठे आहे ते बघावं म्हणून माझ्या टेबलावरच्या मशीनला लावली आणि तपासणी चालवली. एकही लाल ओळ नाही. मला पटेना. पुन्हा चालवली, मग दुसऱ्या मशीनवर चालवली. स्वच्छ. तुझ्याकडे कुठे धूळ असेल, पट्टी नीट बसली नसेल, असं होतं कधी कधी. मोन्या घाई करायचाच. दुसऱ्या कुणाला मी हेच कारण सांगितलं असतं आणि विषय संपवला असता. पण तुझ्याकडची धूळ मी स्वतः पाहिली. नव्हती. पट्टी काढताना घट्ट बसलेली होती.

उत्तर मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत हे मला फार थोड्या वेळा म्हणावं लागलं.

ती पट्टी आता माझ्या मशीनमध्ये आहे, शेजारी माझी जुनी आठ. पुन्हा विजोड. खालची सोळा जोडीने, वरची आठ एकटी. मला एवढ्या मेमरीचं काय काम, पत्ते खेळते आणि बातम्या वाचते. पण दुपारी जेवण झालं की वरची जागा भरेल इतकं काहीबाही उघडून ठेवते आणि स्वेटर विणत बसते. तुझी कविता माझ्याकडे नाही. तेव्हा काही ऐकू आलंच, तर ते वाऱ्याचं नसेल. अजून आलेलं नाही. मशीन एकदा गोठलं होतं, पण तेव्हा मला डुलकी लागली होती, त्यामुळे त्याआधी काय झालं ते सांगता येत नाही.

तू यातलं काही करायचं नाहीस. संध्याकाळी खोलीचा पडदा उघडा टाकत जा, काकूंबरोबर फिरायला जात जा, दुसरं पुस्तक वेळेत दे. तुझं मशीन आता नीट चाललंय, त्याला पुन्हा हात लावू नकोस.

इकडचं मी बघते.

आई